प्रेक्षकांतली जागा

बुधवार, २२ जानेवारी १९८६

बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा रोज सकाळी प्रार्थनेनंतर दहा मिनिटं डायरी लिहायला लावत. "खोटं लिहायचं असेल तर पान कोरं ठेवा," असं सांगत. लग्नानंतर माझी बहुतेक पानं कोरीच राहिली. आज चोपन्नाव्या वर्षी पुन्हा सुरुवात करते आहे, आणि मराठीत. इंग्रजीत लिहिलं की माझं दुःख फार नीटनेटकं होतं.

निमित्त असं, की आज मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. इथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत गावातल्या माणसांना वर्गात मागे बसून ऐकू देतात. विषय प्राचीन ग्रीक नाटक. फॉर्म रुपालीनं आणून दिला. म्हणाली, "लायब्ररीत नुसती पुस्तकं लावता, आता वाचा पण." रुपाली ह्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. दीड वर्षापूर्वी मिरजेहून पीएच.डी.ला आली आणि आमच्याकडेच वरच्या खोलीत राहते.

हे वाक्य खोटं आहे. सिस्टर, माफ करा.

रुपाली माझी मुलगी आहे. मी तिला जन्म दिला, अकरा महिने पाजलं आणि मग देऊन टाकलं. तिला हे माहीत नाही. माहीत असलेली माणसं जगात चारच: मी, हे, भाऊजी आणि जाऊबाई.

लिहिलं एकदा.

शिकवणाऱ्या केलरबाई माझ्यापेक्षा मोठ्या, काठी टेकत येतात. त्या म्हणाल्या, की त्या काळच्या प्रेक्षकांना नाटकातली गोष्ट लहानपणापासून ठाऊक असे. कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या हातून काय घडणार, सगळं. ठाऊक नसे ते फक्त स्टेजवरच्या माणसाला. त्याला ते कधी कळतं, एवढं बघायला लोक दिवसभर उन्हात दगडावर बसत. परत येताना गाडीत माझ्या शेजारी रुपाली सफरचंद खात होती, लॅबमधल्या कुठल्याशा बिघडलेल्या मशीनची तक्रार सांगत होती. मला वाटलं, माझीही जागा त्या दगडावरच आहे. मला सगळं माहीत, आणि स्टेजवर ही पोर.

शुक्रवार, ३१ जानेवारी

ह्यांचे आई-वडील हे सहा वर्षांचे असताना गेले. जगन्नाथ भाऊजी आणि सुमित्रा जाऊबाई, दोघांनी ह्यांना वाढवलं. जाऊबाई तेव्हा स्वतःच सतरा वर्षांच्या. त्यांना मूल झालं नाही. ह्यांना अमेरिकेत प्रवेश मिळाला तेव्हा त्या म्हणाल्या, "थंडीत तान्हं पोर कुठे नेता? दोन वर्षं माझ्याजवळ राहू दे." आम्ही १९६१च्या जानेवारीत बोटीनं निघालो. दूध आटेपर्यंत छातीला पट्टे बांधून मी अटलांटिक ओलांडला.

दुसऱ्या वर्षी जाऊबाईंचं पत्र आलं. मूल मला आई म्हणतं, आता नेऊ नका. ह्यांनी मला न विचारता उत्तर लिहिलं. दिली. आणि वहिनी असेपर्यंत कोणी काही बोलणार नाही, हा शब्दही दिला. मला सांगितलं ते पत्र पोस्टात पडल्यावर. "ज्यांनी मला जगवलं त्यांना मी नाही कसं म्हणू?" असं विचारलं होतं. भाऊजींनी जन्माचे सगळे कागद त्यांच्या नावावर करून घेतले असं हे म्हणाले. पुढे आम्हाला मूल झालं नाही.

एक गोष्ट मनाला लागते. ह्यांना ती काका म्हणते. मला कशानंच हाक मारत नाही. जवळ येऊन उभी राहते आणि बोलायला लागते. दीड वर्षात एकदाही काकू म्हणाली नाही. माझ्यात तिला काहीतरी खटकत असावं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज त्या राजाची गोष्ट झाली, ज्याची जहाजं युद्धाला निघालीत आणि बंदरात अडकून पडलीत. वारा नाही. देवीचा कोप. तो उतरायला मुलीचा बळी हवा. राजा दुष्ट नाही. रडतो, स्वतःशी भांडतो. पण हजार माणसं किनाऱ्यावर खोळंबलेली, शब्द दिलेला. शेवटी तुझं लग्न आहे असा निरोप पाठवून लेकीला बोलावून घेतो.

वर्गातली वीस-वीस वर्षांची मुलं तासभर राजाच्या पेचावर बोलत होती. कर्तव्य मोठं की मूल मोठं. मी कधी नव्हे तो हात वर केला. विचारलं, "आणि तिची आई? जहाजं गेल्यावर ती घरी काय करत होती?"

"दहा वर्षं नवऱ्याची वाट बघत होती," केलरबाई म्हणाल्या. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, आणि तो आल्यावर तिनं त्याला मारलं. सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन मी थालीपीठं केली. ह्यांनी तीन खाल्ली, वर लोणी मागितलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज रुपालीला सत्ताविसावं लागलं. सकाळी लॅबला जायच्या आधी पाटावर बसवून ओवाळलं. पाट म्हणजे गॅरेजमधली फळी, तिच्यावर नॅपकिन. तिच्या कपाळाला कुंकू लावलं. म्हटलं, पहाटे सव्वाचारला तू... आणि थांबले. ती म्हणाली, "आई तर सकाळी दहा सांगते." मी म्हटलं, ऐकीव गोष्ट, चुकले असेन. तिनं मान हलवली आणि पुढे विचारलं नाही. वाचले.

मग चहा घेताना पासपोर्टची गोष्ट निघाली. शाळेच्या दाखल्यावर काम भागत होतं, पण हिला जन्माचा दाखला हवाच होता. तीन दिवस नगरपालिकेत बसून जुन्या वह्यांतून स्वतः शोधून काढला म्हणे. हे सांगताना माझ्याकडे एकटक बघत होती. मी म्हटलं, शाबास, हट्टीपणा काकांचा घेतलास. तिनं कप उचलून सिंकमध्ये ठेवला आणि निघाली. दाराशी परत वळली, उगीचच माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली, मग गेली.

जाऊबाईंचं पत्र आहे. अक्षर वाकडं झालंय. हृदय मोठं झालंय असं डॉक्टर म्हणतात. ह्यांनी पत्र वाचून देवाजवळ ठेवलं.

शनिवार, १ मार्च

लायब्ररीत काउंटरवर माझ्याबरोबर डोलोरेस असते. आज मी आत होते तेव्हा रुपाली येऊन गेली. डोलोरेस छत्री घेऊन आत आली. "युअर डॉटर विसरली," म्हणाली. मी घाईनं सांगितलं, ती माझी पुतणी. डोलोरेस हसली. म्हणे, "मी तिला वर्षभर तुझी मुलगीच म्हणते आहे, तिनं कधी दुरुस्त नाही केलं. तुम्ही दोघी चालता पण सारख्याच, उजवा पाय बाहेर टाकत."

रुपाली भिडस्त आहे. परक्या बाईला कशाला दुखवायचं, असं वाटलं असेल. पण मी घरी येऊन आरशासमोर चालून पाहिलं.

बुधवार, १२ मार्च

आजचं नाटक बहीण आणि राजाचं. भाऊ राज्याशी लढून मेलाय. त्याचं प्रेत उघड्यावर ठेवायचं, कोणी माती द्यायची नाही, अशी राजाज्ञा. बहीण जाऊन माती देते. केलरबाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही, काठी भिंतीला टेकवून नुसत्या बोलल्या. वाईट नाटकात एक जण चुकलेला असतो, त्यामुळे आपण सुखानं घरी जातो. इथे दोघं बरोबर आहेत. राज्य चालवायचं तर कायदा हवा, आणि भावाला माती द्यायलाच हवी. दोन बरोबर गोष्टी एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडू बघतात आणि दार मोडतं.

मला जाऊबाई दिसल्या. पंचवीस वर्षं वेण्या घालणाऱ्या, गोवरात उशाशी बसलेल्या. त्यांना मी चोर कसं म्हणू? आणि मी तरी काय चोरलं होतं?

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, "मी रुपालीला सांगणार आहे."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "वहिनी जिवंत आहे."

"म्हणूनच. त्या गेल्यावर सांगितलं तर ती चोरी होईल. असताना सांगितलं तर त्या मला शिव्या तरी देऊ शकतील."

"मी शब्द दिलाय, मालिनी."

"तुम्ही दिलात. मी कुठे दिला?"

एकोणतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं पहिल्यांदा बोलले. हे उठले, बूट घातले आणि ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायला गेले. बर्फ सकाळीच काढून झालं होतं. खिडकीतून दिसत होतं, रिकाम्या जमिनीवर फावडं घासत होते.

येत्या रविवारी रुपाली परीक्षेच्या अभ्यासात असेल. त्याच्या पुढचा रविवार, तेवीस तारीख. त्या दिवशी सांगायचं. आधी जाऊबाईंना पत्र टाकायचं, म्हणजे पाठीमागून नको.

सोमवार, १७ मार्च

जाऊबाईंना पत्र टाकलं. चार वेळा फाडलं. शेवटी एवढंच लिहिलं, की मी तिला तुमच्याकडून परत मागत नाही. ती तुमचीच. मला फक्त तिनं एकदा पुरतं ओळखलेलं बघायचं आहे.

पत्राला तिकडे पोचायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे मी आधी बोलणार आणि त्यांना नंतर कळणार. हे पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. मीही त्या जहाजांच्या राजासारखंच केलं म्हणायचं, ठरवून टाकलं आणि मग निरोप धाडला.

रविवार, २३ मार्च

पहाटेपासून पुरण घातलं होतं. तिला कटाची आमटी आवडते. मनात वाक्यं जुळवत होते. सुरुवात कशी करायची, तू बस, असं म्हणायचं की आधी जेवू द्यायचं.

सव्वाआठला मिरजेहून फोन आला. हे नुसतं "कधी?" म्हणाले आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले. जाऊबाई तिकडच्या दुपारी झोपेतच गेल्या.

रुपाली जिन्यात उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. ती रडली नाही. विचारलं फक्त, "बाबांजवळ कोण आहे?"

सुतक आमच्या सगळ्यांनाच. आपल्याकडे बातमी कळली की डोक्यावरून पाणी घ्यायचं. ती न्हाणीत गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येईना. मी दार लोटलं. परकर छातीवर बांधून टबात बसली होती, नळाकडे बघत. तिला तो गरम-गारचा नळ चालवता येतो, रोज चालवते. आज नुसती बसली होती. मी बाही वर केली आणि सरबताच्या जगनं तिच्या डोक्यावर पाणी घालायला लागले.

पंचवीस वर्षं झाली तिला न्हाऊ घालून. मान तीच आहे. मानेवरचा तीळ माझ्याइतका कोणाला माहीत नसेल. पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून माझा डावा हात आपोआप तिच्या कपाळावर आडवा गेला, तान्ह्या मुलांच्या धरतो तसा. लक्षात आल्यावर काढायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं आणि हात तिथेच ठेवला. डोळे मिटलेले.

मग म्हणाली, "निघताना मी आईला शब्द दिला होता. तिकडे काहीही झालं, तरी परत येईन ती तुझीच मुलगी म्हणून येईन."

मी म्हटलं, "हो ग, बाळ."

कसला शब्द ते मी विचारलं नाही. इकडे यायला निघालेल्या प्रत्येक मुलीकडून घेतात तसाच असणार. गोऱ्या मुलाशी लग्न करू नकोस, तिकडचीच होऊन राहू नकोस. ती बिचारी आईची आठवण काढत होती आणि मी तिला पाणी घालत होते. तिला काहीच माहीत नाही. देवानं मला अर्ध्या दिवसानं वाचवलं की लुटलं, कळत नाही.

पुरण तसंच पडलंय. सुतकात कोण खाणार.

मंगळवार, २५ मार्च

रुपाली कायमची परत जाते आहे. भाऊजींना एका डोळ्यानं दिसत नाही, घरात दुसरं कोणी नाही. तिच्या प्रोफेसरांनी वर्षभराची रजा देऊ केली. ती नको म्हणाली. कॅम्पसवर जाऊन सह्या करून आली. दीड वर्षाचं काम दोन खोक्यांत मावलं.

ती वर सामान भरत असताना हे स्वयंपाकघरात आले. दाढी केलेली नव्हती. म्हणाले, "आता सांग तिला."

मी भांडी घासत राहिले.

"वहिनी गेली. माझा शब्द संपला. सांग, म्हणजे ती थांबेल. नाही थांबली तर परत तरी येईल." मग अगदी हळू, "पंचवीस वर्षांत मी तिला एकदाही माझी म्हणून हाक मारलेली नाही. तुला वाटतं तुलाच फक्त..." आणि रडायला लागले. ह्या माणसाला रडताना मी त्यांच्या आई-वडिलांच्या श्राद्धालाही पाहिलेलं नाही.

मी हात पुसले. म्हटलं, "परवा तिची आई गेली. आज आपण जाऊन सांगायचं, की ती आई नव्हतीच? जाऊबाईंना एका आठवड्यात दोनदा मारायचं का?"

"मग तू बारा तारखेला मला जे बोललीस..."

"तेव्हा त्या उत्तर द्यायला होत्या."

हे खुर्चीवर बसले. मी चहा टाकला. आयुष्यभर हे गप्प राहा म्हणाले आणि मी बोलायला धडपडले, आणि आता जागा अदलाबदल झाली. केलरबाई म्हणतात, नाटकात कोणी दुसऱ्याला शिक्षा करत नाही, माणूस जसा आहे तसा वागतो आणि तीच त्याची शिक्षा होते. मी वर्गात लिहून घेतलं होतं. तेव्हा वाटलं, किती छान वाक्य.

माझं पत्र आठवलं. आता ते मिरजेला पोचेल आणि भाऊजी फोडतील, नाहीतर रुपालीच. फोनवर भाऊजींना कळवळून सांगितलं, की जाऊबाईंच्या नावानं माझं पत्र येईल, ते न फोडता जाळा. ते म्हणाले, "जाळतो. पण मालिनी, ह्या घरात आता लपवण्यासारखं..." आणि लाइन तुटली. पुन्हा लागली नाही. म्हातारे झाले आहेत, काय बोलायचं होतं कोण जाणे.

शुक्रवार, २८ मार्च

तिला विमानात बसवून आलो. हे गाडी चालवत होते, वाटेत दोनदा चुकीचं एक्झिट घेतलं. विमानतळावर हे तिला सारखे बारीकसारीक विचारत होते, पासपोर्ट घेतला का, स्वेटर वर ठेवला का. तिनं ह्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा ह्यांचा हात तिच्या डोक्यावर इतका वेळ राहिला की मागच्या माणसांना वळसा घालून जावं लागलं.

मग माझ्याकडे आली. नमस्कार केला. उठली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. ओठ हलत होते पण काही येत नव्हतं. तिला बोलायला एवढा त्रास होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी म्हणाली, "येते, काकू."

आणि वळून गेली. भराभर, उजवा पाय बाहेर टाकत.

दीड वर्षात पहिल्यांदा. शेवटी म्हणाली मला काकू. म्हणजे तिच्या मनात माझ्याबद्दल काही अढी नव्हती. येताना गाडीत ह्यांना हेच सांगितलं, बघा, जाताना काकू म्हणाली. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मी म्हटलं, अहो, चांगलं झालं ना.

बुधवार, ९ एप्रिल

वर्गाला गेले. शेजारची खुर्ची रिकामी. एरवीही ती रिकामीच असायची, रुपाली काही त्या वर्गाला येत नसे. पण आज रिकामी दिसली. आजच्या नाटकातल्या माणसाला शेवटी सगळं कळतं आणि तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. एका मुलीनं विचारलं, त्याच्या भोवतीच्या माणसांना आधीच संशय होता, तर कोणी सांगितलं का नाही? केलरबाई म्हणाल्या, माया होती म्हणून.

शुक्रवार, १८ एप्रिल

युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातून रुपालीच्या नावानं पाकीट आलं. तिनं मला इथली पत्रं फोडायला सांगितलं होतं. तिची फाइल बंद करत आहेत, म्हणून तिचं जुनं कार्ड पाठवलंय. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, ते इथे पहिल्याच आठवड्यात भरून घेतात.

तिचंच अक्षर. माझं पूर्ण नाव, आमचा पत्ता, लायब्ररीचा फोन. खाली चौकट आहे, विद्यार्थ्याशी नातं. तिथे लिहिलंय, मदर.

इथल्या लोकांना काकू कशी समजावणार? चौकटीत तेवढी जागाही नसते. डोलोरेसला तरी कुठे समजावलं होतं तिनं. घाईत सोपं ते लिहून टाकलं असेल.

तारीख ४ सप्टेंबर १९८४. म्हणजे आली त्याच्या तिसऱ्या दिवशी. तेव्हा तिला आमच्या घरातली दिव्यांची बटणंसुद्धा सापडत नव्हती.

सोबत छापील चिठ्ठी आहे. माहितीत चूक असल्यास दुरुस्त करून कार्ड परत पाठवावं. मघापासून पेन उघडून बसले आहे. जाऊबाईंच्या नावाला अशा कागदावर धक्का लागणं बरं नाही, दुरुस्त करायला हवं.

करीन. आज नको.